वळिवड्याचे शेजारी

कोल्हापूर शहराच्या अगदी जवळ वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ पासून १९४८ पर्यंत या गावाच्या माळावर पोलंडमधील सुमारे पाच हजार निर्वासित वस्तीस होते. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती, आणि बहुतेक सारी आपल्याच श्रद्धेची, कॅथलिक. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत या हकीकतीचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेली ही कथा आपणच विसरावी, हे आम्हांस बरे वाटत नाही.

हे लोक येथवर आले कसे? सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलरने पोलंडवर आक्रमण केले आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत सेना आत शिरली. १० फेब्रुवारी १९४० रोजी, कडाक्याच्या थंडीत, पूर्व पोलंडमधील घराघरांची दारे रात्री-पहाटे ठोठावली गेली. हाताशी येईल ते गाठोड्यात बांधून कुटुंबेच्या कुटुंबे मालगाडीच्या डब्यांत कोंबण्यात आली. पुढे आणखी गाड्या भरल्या गेल्या. सायबेरियाची अरण्ये आणि कझाकस्तानची ओसाड मैदाने हे त्यांचे मुक्काम. भूक, थंडी व रोग यांनी किती जीव घेतले, याचा नेमका हिशेब कोणीच ठेवला नाही.

हिटलर रशियावर उलटला तेव्हा चक्र फिरले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार व मॉस्को यांच्यात करार झाला आणि बंदिवानांची सुटका सुरू झाली. जनरल आंदेर्स यांनी उभारलेल्या सेनेबरोबर १९४२ साली एक लाखाहून अधिक पोलिश माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. पुरुष लढायला गेले. मुलाबाळांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न उरला.

या प्रश्नाला आपल्या देशातून पहिले उत्तर दिले ते नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. जामनगरजवळ बालाचडी येथे, समुद्रकाठी, त्यांनी अनाथ पोलिश मुलांसाठी छावणी उभारू दिली. मुले त्यांना ‘बापू’ म्हणत. छावणीचे प्रमुख होते फादर फ्रांचिशेक प्लुता. युद्धानंतर अनाथ मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध पोलंडला धाडले जाऊ नये म्हणून जामसाहेबांसह या धर्मगुरूंनी त्यांचे कायदेशीर पालकत्व पत्करले, आणि त्याबद्दल वॉर्साच्या नव्या राजवटीचा रोषही ओढवून घेतला. हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आम्ही वळिवड्याकडे वळतो, कारण तेथे राजा नव्हता, शेजारी होते.

वळिवड्याच्या छावणीत लांबच लांब कौलारू बराकी होत्या, पुढे व्हरांडा. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा, स्वतःची चूल. शाळा होत्या, इस्पितळ होते, नाटके बसवली जात, आणि अर्थातच मंदिर होते व नित्याची मिस्सा होती. स्त्रियांनी दारापुढे फुलझाडे लावली. आज आपल्याला या गोष्टी वर्णन करण्याजोग्याही वाटणार नाहीत. पण ज्या आईने दोन वर्षे पावाच्या तुकड्याचे चार भाग केले, तिच्या ताटात भरपूर पाव आणि केळी आली; ज्या मुलांनी मध्यरात्रीची ती थाप ऐकली होती, त्यांना कोणी दार न ठोठावणारी रात्र मिळाली. आपण संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘आजच्या दिवसाबद्दल’ देवाचे आभार मानतो ते पुष्कळदा सवयीने. त्या माउलींना त्या शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता शेजाऱ्यांविषयी. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकार करीत होते, तेव्हा कोल्हापूरकरांनी त्यांना पोसले असे म्हणणे खरे ठरणार नाही. छावणीत बाजार भरे आणि व्यापाऱ्यांना त्यातून चार पैसे सुटत. म्हणून कोणी म्हणेल, यात उपकार तो कसला? आम्हांस हा युक्तिवाद फार तोकडा वाटतो. व्यवहारासाठी हिशेबापुरते शब्द पुरतात. तेथील दुकानदार तर पोलिश बोलायला शिकले. आणि काळ कोणता होता? १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनाची धग विझली नव्हती. गोरा चेहरा म्हणजे राज्यकर्ता, हीच सर्वसामान्यांची ओळख होती. १९४३ हे बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. अशा दिवसांत पाच हजार परके, तेही गोरे, गावाच्या वेशीशी येऊन राहिले. त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले असते तरी नवल नव्हते. तरीही या लोकांनी पुढे आयुष्यभर कोल्हापूरची जी आठवण जपली, ती आपुलकीची. एक पोलिश मुलगी तर कोल्हापूरच्या तरुणाशी विवाह करून येथेच राहिली, येथलीच झाली.

एक योगायोगही सांगण्यासारखा आहे. छावणीतील कित्येक मुलांचे वडील व भाऊ तेव्हा इटलीत आठव्या सेनेत लढत होते. १८ मे १९४४ रोजी मोंते कासिनोच्या मठावर पोलिश निशाण चढले. त्याच आठव्या सेनेत मराठा पलटणीही होत्या.

पोलिश घरांत नाताळच्या पूर्वसंध्येला जेवणाच्या मेजावर एक ताट जास्तीचे मांडण्याची रीत आहे. अवचित येणाऱ्या परक्या पाहुण्यासाठी ते असते. वळिवड्यात हे ताट मांडताना त्या आयांच्या मनात काय आले असेल? येथे अवचित आलेले पाहुणे तर त्या स्वतःच होत्या. आज आपल्या वाड्यांत, चाळींत परप्रांतातून आलेली कुटुंबे खोली शोधत फिरतात. त्यांची भाषा, त्यांचा देव विचारून मगच आपण दार उघडतो की कसे, हे ज्याने त्याने घरी जाऊन पाहावे. नाताळात गोठा सजविणाऱ्या घरांना हा प्रश्न विचारण्याचा धर्मगुरू म्हणून आमचा अधिकार आहे.

युद्ध संपले, पण पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला आणि या लोकांची गावे सरहद्दीपलीकडे राहिली. परतणार कोठे? १९४७-४८ मध्ये बहुतेकांनी इंग्लंड व इतर देशांची वाट धरली. बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने घरदार हिरावलेली सिंधी कुटुंबे तेथे आली. आज कपड्यांच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एका माळाने दहा वर्षांच्या आत दोन बेघर समाजांना जागा दिली.

पोलंड हे ऋण विसरला नाही. वॉर्सात एका चौकाला ‘भल्या महाराजां’चे नाव आहे आणि २०१७ साली तेथे कोल्हापूरचेही स्मारक उभे राहिले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये छावणीतील काही जुने रहिवासी, आता वृद्ध झालेले, पुन्हा वळिवड्यास येऊन गेले.

वाचकांपैकी कोणाचे कोल्हापूरला जाणे झाले, तर अंबाबाईचे देऊळ आणि रंकाळा पाहून होताच महावीर उद्यानातही जावे. तेथे पोलिश लोकांच्या स्मृतीचा एक स्तंभ आहे. शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरीही आहेत. जे इंग्लंडला गेले नाहीत, ते तेथे विसावले आहेत. त्यांच्यासाठी एक ‘प्रणाम मरिये’ म्हणावी, आणि जवळपासच्या कोणा वयोवृद्धाला वळिवड्याच्या गोऱ्या मुलांविषयी विचारावे.