पित्ताशयाचा दाह : काढावे की निचरा करावा?

श्रोतेहो, "पित्त झालं" हे वाक्य आपल्या घराघरांत रोज ऐकू येते. महालातला जुना वाडा असो की काटोल-उमरेडकडचे खेडे असो, छातीत जळजळले, डोके चढले, की आपण पित्ताला बोल लावतो. ओवा खातो, शेक घेतो आणि विसरतो. पण यकृताच्या खाली पित्ताशय नावाची एक छोटी पिशवी असते. ती सुजली म्हणजे ओव्याने भागत नाही. त्यातून रोगी वृद्ध असला, हृदय अधू असले, मधुमेह असला, तर वैद्यासमोर मोठे कोडे पडते. ही पिशवी काढावी, की तिला हात न लावता निभावून न्यावे? या कोड्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

आधी आजार समजून घेऊ. यकृतात तयार झालेले पित्त या पिशवीत साठते आणि जेवणानंतर आतड्यात उतरते. पाटाच्या तोंडाशी धोंडा अडकावा तसा तिच्या तोंडाशी खडा अडकला, म्हणजे पित्त आत कोंडते, भिंत सुजते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो, जंतू वाढतात. पुढे पिशवी सडते, क्वचित फुटतेही. उजव्या बरगडीखाली तासन्‌तास न थांबणारी कळ, ती पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणे, ओकाऱ्या आणि ताप ही तिची लक्षणे. म्हाताऱ्या माणसांत मात्र ताप आणि कळ दोन्ही बेताचीच असू शकतात. म्हणूनच फसगत होते.

आता इतिहासाकडे वळू. १८६७ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे जॉन बॉब्ज या शल्यवैद्याने एका स्त्रीच्या पोटातील गाठ पाहण्यासाठी पोट उघडले. अंडाशयाची गाठ असेल असे वाटले होते, निघाले खड्यांनी भरलेले पित्ताशय! त्यांनी ते उघडले, खडे काढले आणि पुन्हा शिवून टाकले. ती स्त्री पुढे कित्येक वर्षे जगली. १८८२ साली बर्लिनच्या कार्ल लांगेनबूख यांनी निराळी वाट धरली. खडे काढून काय उपयोग, ते जिथे तयार होतात ती पिशवीच काढली पाहिजे, असा त्यांचा विचार. सोळा वर्षे त्रास सोसलेल्या ४३ वर्षांच्या रोग्याचे पित्ताशय त्यांनी काढले, आणि रोगी बरा झाला.

अशा दोन वाटा पडल्या : रिकामे करणे आणि काढून टाकणे. धडधाकट रोग्यासाठी दुसरी वाट रूढ झाली. अशक्तांसाठी पहिली राहिली, कारण त्यांना पूर्ण भूल आणि मोठी चीर सोसवेल की नाही, ही धास्ती. तेवढीच जागा बधिर करून पित्ताशयात नळी घालायची आणि कोंडलेले पित्त, पू बाहेर काढायचा. १९८० च्या सुमारास सोनोग्राफीच्या आधाराने, पोट न उघडता, सुईच्या वाटेने ही नळी घालता येऊ लागली. ताप उतरे, रोगी सावरे. पण खडे आतच राही. नळी निसटे, तुंबे, आणि दुखणे पुन्हा उलटे.

इकडे दुसरी वाटही सोपी होत गेली. १९८५ साली जर्मनीत एरिक म्युहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून पित्ताशय काढले. आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली. सरकारी रुग्णालयात, गोरगरिबांत तिचा आरंभ झाला, ही गोष्ट मोलाची. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला लवकर उठून कामाला लागणे किती महत्त्वाचे, हे सांगायला नकोच.

मग अशक्त रोग्याचे काय? नेदरलँड्समधील ११ रुग्णालयांनी मिळून याची परीक्षा घेतली. २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेचा धोका जास्त असलेल्या १४२ रोग्यांची, चिठ्ठ्या टाकाव्या तशी, दोन गटांत वाटणी केली. एका गटात दुर्बिणीने पित्ताशय काढले, दुसऱ्यात नळी घातली. वर्षभरात मोठी गुंतागुंत पहिल्या गटात शेकडा १२ जणांत झाली, नळीच्या गटात शेकडा ६५ जणांत. मृत्यूंच्या प्रमाणात ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. अशक्ताला नळीच बरी, ही अनेकांची समजूत डळमळली ती इथे.

याचा अर्थ नळी टाकाऊ ठरली असा नव्हे. अगदी अत्यवस्थ रोगी या परीक्षेत घेतलेच नव्हते. ज्याला भूलच सोसणार नाही, त्याला नळी आजही जीवदान देते. मात्र निवड वयावरून नव्हे, तर हृदय, फुफ्फुसे, मूत्रपिंडे तपासून करायची असते.

"आता या वयात कशाला चिरफाड?" असे आपण म्हणतो. त्यात माया असते, यात शंका नाही. पण ही माया उशीर करते, आणि उशिराने सुजलेली पिशवी सडते. मग दोन्ही वाटा अवघड होतात. तेव्हा घरच्या आजीची कळ काही तासांत थांबली नाही, तर जवळच्या डॉक्टरांकडे आणि गरज पडल्यास नागपूरला मेयो किंवा मेडिकलला विनाविलंब न्यावे. शिक्षकबंधुभगिनींनी शरीरशास्त्राच्या तासाला मुलांना एवढे जरूर सांगावे : पोटातले प्रत्येक दुखणे पित्ताचे नसते. मुले ही गोष्ट घरी नेतील, आणि ती घरी पोचणेच महत्त्वाचे आहे.