पहिली सुई कोण टोचणार?

गणपतीपुळ्याच्या मधुमेही माणसाला मधुमेहतज्ज्ञाकडे जायचं तर बहुधा रत्नागिरी गाठावी लागते. त्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते. साखर कितीही चढो, तो जातो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, नाहीतर मालगुंडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. इन्शुलिन वेळेवर सुरू होणार की नाही, हे त्याच टेबलाशी ठरतं. या विषयाचा अभ्यास करायचा तर बसायची जागा तीच.

टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं, ते जानेवारी 1922 मध्ये. त्यानंतर औषध शुद्ध झालं, सुया बारीक झाल्या, पण उशीर काही सरला नाही. ब्रिटनमधल्या 80 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. गोळ्यांना साखर दाद देईनाशी झाल्यावरही इन्शुलिनपर्यंत पोचायला तिथल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना सहा वर्षं पुरली नव्हती. तिथे तर डॉक्टरांची फी द्यावी लागत नाही! तेव्हा सगळं खापर आपल्या गरिबीवर फोडता येत नाही.

‘सुई लागली म्हणजे संपलं’ ही रुग्णाची भीती सर्वांना माहीत आहे. डॉक्टरांच्या भीतीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला तीच कळीची वाटते. रात्री साखर उतरून म्हातारी बेशुद्ध पडली तर? झोपताना 10 युनिटनं सुरुवात करायची, उपाशीपोटीची साखर पाहून दर तीन दिवसांनी 2 युनिट वाढवायची, ही रीत अवघड नाही. पण बाटली मिलिलीटरमागे 40 युनिटची असेल तर सिरिंजही 40 चीच हवी, फ्रीज नसेल तर बाटली कुठे ठेवायची, चतुर्थीच्या उपासाला किती युनिट घ्यायची, हे सगळं समजावायला वेळ लागतो. आणि बाहेर तापाचे पेशंट खोळंबलेले असतात.

हिमतीचा तुटवडा आहे असं मी मानत नाही. याच कोकणात, महाडला, डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. विंचवाचं विष मात्र काही तासांत निकाल लावतं. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वर्षानुवर्षं पोखरते, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणं सोपं जातं. अभ्यासकानं डॉक्टरांना आधी हे विचारावं: डोस ठरवायला तुम्हाला कुणी शिकवलं, रुग्णाला टोचायला शिकवणारी नर्स आहे का, आणि अडलात तर रत्नागिरीत फोन कुणाला लावता?