पाण्याचा माठ, खुर्ची आणि कामावरचे मन

कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडतो. ध्यान करा, सकारात्मक विचार करा, मनाला लावून घेऊ नका. सामाजिक काम करताना आमच्याकडे नव्याने नोकरीला लागलेली आपली मुले-मुली येतात. रात्री झोप लागत नाही, सोमवार आला की पोटात गोळा येतो, असे सांगतात. आणि शेवटी म्हणतात, "दादा, माझ्यातच काहीतरी कमी आहे." हे वाक्य आम्हाला सर्वात जास्त अस्वस्थ करते. कारण ते खरे नाही आणि इतिहासही तसे सांगत नाही.

आधी तज्ज्ञ काय म्हणतात ते पाहू. १९७९ मध्ये अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडले की कामाचा बोजा मोठा आणि निर्णयाचा अधिकार मात्र नाही, अशा कामातून घातक ताण तयार होतो. १९८८ मध्ये जेफ्री जॉन्सन आणि एलेन हॉल यांनी स्वीडनमधील कामगारांचा अभ्यास करून त्यात तिसरी गोष्ट जोडली. सहकाऱ्यांचा आधार नसेल, माणूस एकटा पडला असेल तर हा ताण आणखी जीवघेणा होतो. १९९६ मध्ये योहानेस सीग्रिस्ट यांनी दाखवले की कष्टाच्या बदल्यात पगार, मान आणि नोकरीची शाश्वती मिळाली नाही तर शरीरही आजारी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वे दिली. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात, असा संघटनेचा अंदाज आहे. भेदभाव, छळ आणि असुरक्षित नोकरी ही तिने सांगितलेल्या कारणांपैकी काही.

म्हणजे आजार माणसाच्या डोक्यातूनच उगवतो असे नाही. कामाची रचनाही तो पेरते. पण अमेरिका, स्वीडन, जर्मनीत घडलेल्या या मूळ मांडण्यांमध्ये एक शब्द नाही. जात. तो शब्द आपल्या इतिहासात शोधावा लागतो.

१९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली फेकत, त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. राहायला घर मिळेना म्हणून ते जात लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. तिथल्या अंधाऱ्या, ओस दिवाणखान्यात बोलायला माणूस नव्हता. ही जागा आपल्याला अंधारकोठडीसारखी वाटत होती आणि एकटेपणा विसरण्यासाठी आपण पुस्तकांत बुडून जात होतो, असे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिले आहे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. राहण्याचा आसरा गेला आणि त्यांना मुंबईची गाडी धरावी लागली. पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातून त्यांनी पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

जगातल्या उत्तम विद्यापीठांत शिकलेल्या माणसात काय कमी होते?

गिरण्यांतही वेगळे काही नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यातली मजुरी चांगली, पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागते आणि त्यामुळे सवर्ण कामगार बाटतो! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी सांगितले की अस्पृश्याला रेल्वेत गँगमनच्या कामावर खितपत पडावे लागते. पोर्टरचे कामसुद्धा मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी याच परिषदेत मांडले.

पण आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते ती याच पुस्तकातली एका तरुण तलाठ्याची हकीगत. सफाईचे काम लादलेल्या जातीतला हा मुलगा परीक्षा पास होऊन १९३६ मध्ये खेडा जिल्ह्यात बोरसदच्या मामलेदार कचेरीत तलाठी म्हणून रुजू झाला. कारकुनाने त्याला दूर उभे केले आणि नेमणुकीचा कागद जमिनीवर टाकायला लावला. त्याच्या पाण्यासाठी एक गंजलेले भांडे होते. गावात घर भाड्याने मिळेना, तेव्हा तो आपल्या मूळ गावाहून रोज मैलोन्मैल पायपीट करत कामावर येऊ लागला. एकदा दुसऱ्या गावच्या चावडीत त्याला कामासाठी पाठवले. दारात उभे राहून त्याने नमस्कार केला, कुणी दखल घेतली नाही. जिवाला कंटाळलेला तो शेवटी तिथल्या खुर्चीवर बसला. त्या एका खुर्चीपायी जमाव जमला, शस्त्र दाखवून जिवाची धमकी दिली गेली. अखेर नोकरी सोडून तो मुंबईला आईवडिलांकडे परतला.

तज्ज्ञांची सगळी मोजमापे इथे लावून पाहा. अधिकार नाही, आधार नाही, मान नाही. या मुलाला ध्यानाचा सल्ला दिला असता तर खुर्ची मिळाली असती का?

मात्र गोष्ट इथे संपत नाही. ६ मार्च १९३८ रोजी दादरच्या कासारवाडीत भरलेल्या सभेत त्याने हे सगळे आपल्या समाजासमोर सांगितले आणि बाबासाहेबांनी ते लिहून ठेवले. जे एकट्याची लाज म्हणून गाडले गेले असते, ते त्या कचेरीवरचे आरोपपत्र झाले. आमच्या मते मानसिक आरोग्याचा आंबेडकरी विचार इथून सुरू होतो. दुःखाचे कारण शोधा, असे तथागतांनीही सांगितले आहे. ते कारण बाहेरच्या रचनेत असताना ते फक्त आत शोधणे म्हणजे अर्धाच धम्म.

कुणी म्हणेल, हे जुने झाले. २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्सबाबत अहवाल दिला. देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना एकटे पाडणे, डावलणे चालते, असे त्यात आढळले. जिथे मनाचे डॉक्टर घडतात तिथली ही स्थिती! आज माठ उघडपणे वेगळा नसेल. पण जेवणाच्या डब्याभोवतीचे कोंडाळे, "कोट्यातला" हा शेरा आणि आडनाव विचारण्याची पद्धत तेच काम करते.

मग करायचे काय? त्रास होत असेल तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवा हा आपला हक्क ठरवला आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. पण तेवढ्यावर थांबू नका. कोण, कधी, कुणासमोर काय बोलले याची तारखेनिशी वही ठेवा. सरकारी कार्यालयात अनुसूचित जाती-जमातींसाठी नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याला लेखी कळवा. अनुसूचित जाती आयोग आहे, अॅट्रॉसिटी कायदा आहे. आणि आपल्या कर्मचारी संघटनांनी बढती आणि रोस्टरबरोबरच हा विषयही अजेंड्यावर घ्यावा. बुद्धविहारात महिन्यातून एक संध्याकाळ नोकरी करणाऱ्या मुलामुलींचे फक्त ऐकून घेण्यासाठी राखून ठेवा.

त्या तलाठ्याला ऐकणारी एक सभा मिळाली, म्हणून आज आपण त्याची हकीगत सांगू शकतो. आपल्या वस्तीतल्या मुलांना ती सभा मिळवून देणे आपल्या हातात आहे.

जयभीम!