नोंद आणि वस्तू

"हा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर आढळला नाही."

संगणकाशी चार-दोन वर्षं संसार केलेल्या माणसाने हे वाक्य कधी ना कधी वाचलेलं असतंच. आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा तोच प्रोग्रॅम शेजारच्या खिडकीत चांगला उघडा असतो, त्यात आपलं अर्धं पत्रही टाइप झालेलं असतं. अपडेट मात्र म्हणतं, तो इथे नाहीच. रात्री घरात बसलेल्या माणसाला कोणी दारातून "तुम्ही घरी नाही" असं सांगावं, तसा हा प्रकार.

आमच्या नात्यागोत्यात संगणकाचं काही अडलं की फोन माझ्याकडे येतो. या तक्रारीवर मी "काढून टाक आणि पुन्हा टाक" असं सांगून सुटका करून घेऊ शकतो, पण मग पुढचा प्रश्न येतो, "अरे पण त्याला दिसत का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर तीस-चाळीस वर्षं मागे गेल्याशिवाय देता येत नाही, म्हणून हा लेख.

मुळात अपडेट प्रोग्रॅमला शोधतच नाही. ते शोधतं प्रोग्रॅमची नोंद. आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. जमीन विकत घेतली, पैसे दिले, खरेदीखत झालं, नांगरही फिरला. पण फेरफार झाला नसेल तर सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचं. कर्ज द्यायला आलेला बँकेचा माणूस बांधावर उभा राहून कोण नांगरतंय ते पाहत नाही, तो उतारा मागतो. अपडेटही उतारा मागतं.

डॉसच्या काळात हा उताराच नव्हता. प्रोग्रॅम टाकायचा म्हणजे फ्लॉपीवरून एका डिरेक्टरीत फाइली कॉपी करायच्या, फार तर ऑटोएक्झेक फाइलीत एखादी ओळ वाढवायची. काढायचा म्हणजे ती डिरेक्टरी पुसायची. वस्तू हीच नोंद होती. नवी आवृत्ती हवी असेल तर नवी फ्लॉपी आणायची. तुमच्याकडे काय आहे हे तुम्हालाच ठाऊक असायचं, संगणकाला विचारायची सोयच नव्हती आणि गरजही नव्हती.

विंडोज आलं आणि प्रोग्रॅम आपापली माहिती 'आयएनआय' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहू लागले. ज्याला जसं सुचेल तसं, जिथे जागा मिळेल तिथे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीचं एक छोटं रूप आलं, पण त्याचं काम मर्यादित होतं: कुठल्या जातीची फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, एवढंच प्रामुख्याने. खरं दप्तर उघडलं गेलं ते ऑगस्ट १९९५ मध्ये, विंडोज ९५ बरोबर. कंट्रोल पॅनेलमध्ये 'ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स' दिसू लागलं आणि त्यामागे रजिस्ट्रीत एक जागा ठरली. प्रत्येक प्रोग्रॅमने तिथे आपलं नाव, आवृत्ती आणि आपल्याला काढायचं कसं ते लिहून ठेवायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या जागेचं नावच 'अनइन्स्टॉल' आहे. म्हणजे ती यादी केली होती प्रोग्रॅम नीट काढता यावेत म्हणून. "या संगणकावर काय काय आहे?" याचं उत्तर देण्यासाठी ती नव्हती. पण दुसरी यादीच नसल्याने पुढे सगळे तिलाच हा प्रश्न विचारू लागले. शिवाय तिच्यात लिहायचं काम तलाठ्याचं नव्हतं, ज्याचं शेत त्यानेच लिहायचं! काहींनी लिहिलं, काहींनी अर्धवट लिहिलं, काहींनी लिहिलंच नाही.

मग १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर मायक्रोसॉफ्टने 'विंडोज इन्स्टॉलर' आणला. आता लिहिण्याचं काम प्रोग्रॅमकडून काढून विंडोजकडे आलं. प्रत्येक उत्पादनाला ३२ आकडे-अक्षरांचा एक ओळख क्रमांक मिळाला. दुरुस्तीच्या फाइलीत लिहिलेलं असायचं, "मी अमुक क्रमांकाच्या उत्पादनासाठी आहे." तो क्रमांक दप्तरात सापडला तर काम पुढे, नाहीतर "आढळला नाही". नाव तेच, चित्र तेच, पण क्रमांक वेगळा (समजा दुसऱ्या भाषेची किंवा दुसऱ्या प्रकारची आवृत्ती) तर अपडेटच्या दृष्टीने तो परका.

व्यवस्था चांगली होती, पण दप्तर जितकं मोठं तितक्या त्यात भानगडी जास्त. मूळ इन्स्टॉलेशन फाइलींच्या प्रती विंडोज फोल्डरातल्या 'इन्स्टॉलर' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवलेल्या असतात. डिस्क भरली की कोणीतरी हुशार माणूस तो फोल्डर शोधून काढतो आणि "कसला कचरा हा" म्हणून पुसून टाकतो. प्रोग्रॅम चालत राहतो, त्याला काहीच होत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी अपडेट आलं की ते मूळ प्रत मागतं आणि अडून बसतं. तोवर आपण काय पुसलं होतं ते कोणाला आठवतंय?

२००५ मध्ये विंडोज एक्सपीची ६४ बिटांची आवृत्ती आली आणि एका दप्तराची दोन झाली. ३२ बिटांच्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत पाहायला सुरुवात केली की विंडोज त्याला गुपचूप वेगळ्या खोलीत नेतं. त्यामुळे जुन्या ३२ बिटी अपडेटरला ६४ बिटी प्रोग्रॅम दिसतच नाही. तिसरी खोली म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची. २००८ मध्ये आलेलं क्रोम प्रशासकाची परवानगी न मागता थेट वापरकर्त्याच्या फोल्डरात बसायचं. एकाच संगणकावर आईच्या खात्यात ते आहे आणि बाबांच्या खात्यात नाही, ही स्थिती त्यातूनच येते.

या सगळ्यावर मायक्रोसॉफ्टने 'विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप' नावाचं औषध दिलं होतं. बिघडलेली नोंद ते उपटून टाकायचं. २०१० मध्ये कंपनीने ते स्वतःच मागे घेतलं, कारण एकाची नोंद काढताना ते कधीकधी संगणकावरच्या दुसऱ्या भागांना धक्का लावत होतं. दप्तराचं पान फाडलं की मागच्या बाजूचा मजकूरही जातो, दुसरं काय!

लिनक्सवाल्यांनी इथे फार हसू नये. डेबियनमध्ये कोणतं पॅकेज बसवलंय याची नोंद एका साध्या फाइलीत असते आणि ती फार शिस्तीत ठेवलेली असते. पण कोणी मूळ कोड आणून हाताने बांधला आणि बसवला, तर त्या फाइलीला त्याचा पत्ताच नसतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा नुसता वैतागाचा इतिहास झाला असता. पण नोंद आणि वस्तू यांची फारकत झाली की नुकसान कुठवर जातं, ते २५ जानेवारी २००३ ला दिसलं. 'स्लॅमर' नावाचा अवघ्या ३७६ बाइटांचा किडा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या चुकीतून तो शिरला आणि दहा मिनिटांत बहुतेक सगळ्या असुरक्षित यंत्रांपर्यंत पोचला. कमीतकमी ७५,००० यंत्रं. दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडलं, बँक ऑफ अमेरिकाच्या अनेक एटीएमना व्यवहार करता येईनात. आणि त्या चुकीची दुरुस्ती जुलै २००२ मध्येच, सहा महिने आधी, निघालेली होती!

लोकांनी ती का लावली नाही? काहींनी आळस केला हे खरं. पण अनेकांना आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच माहीत नव्हतं. त्याचं छोटं भावंड, एमएसडीई, दुसऱ्या कितीतरी प्रोग्रॅमांच्या पोटातून आलेलं होतं. विंडोज अपडेटही तेव्हा फक्त विंडोजपुरतं पाहायचं. इतर उत्पादनांकडे पाहणारं 'मायक्रोसॉफ्ट अपडेट' २००५ मध्ये आलं. म्हणजे यंत्राने "सर्व काही अद्ययावत आहे" असं सांगितलं, ते त्याच्या दप्तराप्रमाणे खरंच होतं.

२०१७ ची इक्विफॅक्सची गोष्ट तर याहून बोलकी. अमेरिकेतली ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीचा लेखाजोखा ठेवते. मार्चमध्ये अपाचे स्ट्रट्समधली गंभीर चूक जाहीर झाली, दुरुस्तीही आली. कंपनीने आपली यंत्रं तपासली. तपासणीत काही सापडलं नाही. पण तक्रारी घेणारं त्यांचं पोर्टल त्याच जुन्या स्ट्रट्सवर चालू होतं. सर्व यंत्रांची पुरी यादी कंपनीकडे नव्हती, आणि स्ट्रट्स वापरात आहे हे ज्या डेव्हलपरला ठाऊक होतं तो सूचनेच्या ईमेल यादीतच नव्हता. मे महिन्यात चोर शिरले ते जुलैच्या अखेरीला लक्षात आले. सुमारे १४.७ कोटी माणसांची माहिती गेली.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेच्या वेळी पुन्हा तेच. जगभरच्या संगणकवाल्यांचा पहिला प्रश्न "दुरुस्ती कशी करायची" हा नव्हता, "हे आपल्याकडे आहे का आणि कुठे" हा होता. एका डब्यात दुसरा डबा, त्यात तिसरा, आणि त्याच्या तळाशी ती चूक. त्यानंतर प्रोग्रॅमच्या पोटात काय काय आहे त्याची यादी सोबत द्यावी या मागणीला जोर आला. आपल्या सर्ट-इननेही २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. औषधाच्या पाकिटावर घटक लिहितात, तसंच हे.

घरच्या मंडळींसाठी थोडक्यात: अपडेट "आढळला नाही" म्हणालं तर आधी प्रोग्रॅम उघडून त्याच्या 'अबाउट'मध्ये आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट ते पाहा. अपडेट त्याच जातीचं आहे ना, हे बघा. ज्या खात्यातून प्रोग्रॅम टाकला त्याच खात्यातून अपडेट चालवा. कंट्रोल पॅनेलच्या यादीत नाव असेल तर 'रिपेअर' करून पाहा. नसेल तर तीच जुनी आवृत्ती मूळ फाइलीवरून त्यावरच पुन्हा बसवा, म्हणजे नोंद नव्याने होते. मग अपडेट. रजिस्ट्री साफ करून देतो म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांच्या नादी लागू नका, आणि तो 'इन्स्टॉलर' फोल्डर कृपा करून पुसू नका.

या इतिहासातून मी एक सवय लावून घेतली आहे. "सापडलं नाही" आणि "नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं शोधणाऱ्याबद्दल काही सांगतं, दुसरं वस्तूबद्दल. चालू प्रोग्रॅमला संगणक "नाही" म्हणतो तेव्हा आपण निदान चिडतो आणि कारण शोधतो. अवघड जातं ते उलट्या बाजूने. "काहीही आढळलं नाही" हे वाचून जेव्हा आपल्याला बरं वाटतं, तेव्हा कुठे शोधलं होतं, हा प्रश्न विचारायचं कोणालाच सुचत नाही. इक्विफॅक्समध्ये त्या मार्च महिन्यात तो वेळेवर विचारला गेला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं.