धोका सिद्ध होईपर्यंत : गॉलवेतले साठ तास

७ सप्टेंबर १९८३ रोजी आयर्लंडने सार्वमत घेऊन राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली. पोटातल्या जिवाला आईइतकाच जगण्याचा हक्क मिळाला. १९९२ मध्ये ‘एक्स’ खटल्यात चौदा वर्षांच्या बलात्कारपीडित मुलीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाला या दुरुस्तीचा अर्थ लावावा लागला. निकाल असा : आईच्या जिवाला खरा आणि ठोस धोका असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याही मार्गाने टळत नसेल, तरच गर्भपात. आरोग्याला अपाय होतो, एवढं कारण पुरेसं नाही. हा धोका मोजायचा कसा, कुणी, हे सांगणारा कायदा संसदेने केलेला नव्हता. या कुचराईला न्यायमूर्ती नायल मॅकार्थी यांनी निकालपत्रातच अक्षम्य म्हटलं. पुढची वीस वर्षंही तो कायदा झाला नाही. २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने कान उपटले, तरी नाही. गर्भपाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारा १८६१ चा ब्रिटिश अमलातला कायदा मात्र जिवंत होता.

रविवार, २१ ऑक्टोबर २०१२, सकाळी साडेनऊनंतर
बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार, वय ३१, पहिल्यांदाच गरोदर, सतरावा आठवडा. पाठीत कळा येतात म्हणून पती प्रवीण यांच्यासोबत गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात येते. तपासून तिला घरी पाठवलं जातं.

रविवार, दुपारी साडेतीन
ती परत येते. आता निदान स्पष्ट आहे : गर्भ टिकणार नाही. तिला दाखल करून घेतात आणि रक्त तपासायला देतात. पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघतात, पण त्या अहवालाचा पाठपुरावा होत नाही.

सोमवार, २२ ऑक्टोबर, मध्यरात्रीनंतर साडेबारा
गर्भजल फुटतं. जंतूंना आत शिरायला वाट मोकळी झाली. सतराव्या आठवड्याचा गर्भ बाहेर जगू शकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू आहेत. सकाळच्या फेरीत ठरतं : वाट पाहायची. रात्री प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू होतात.

मंगळवार, २३ ऑक्टोबर, सकाळी आठ-वीस
बाळ वाचणार नसेल तर हे लवकर संपवता येईल का, असं सविता विचारते. तज्ज्ञ डॉक्टरांचं उत्तर : तुमच्या जिवाला धोका असल्याचं आत्ता दिसत नाही, गर्भाचे ठोके आहेत, कायद्याने हात बांधलेले आहेत. आपण आयरिशही नाही आणि कॅथलिकही नाही, असं तिने सांगून पाहिल्याचं प्रवीण यांनी नंतर सांगितलं. हा कॅथलिक देश आहे, अशा अर्थाचं वाक्य आपण बोललो होतो, हे एका वरिष्ठ परिचारिकेने मृत्यूच्या चौकशीत कबूल केलं.

ती ज्या देशातून आली होती तिथे १९७१ च्या कायद्याने दोन डॉक्टरांच्या मताने विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपाताची सोय होती. आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होण्याची भीती हे कारण तिथे चालत होतं. गॉलवेत ते चालत नव्हतं.

मंगळवार, संध्याकाळी सात
नाडी ११४. ठरलेल्या अंतराने घ्यायच्या नोंदींमध्ये खंड पडत राहतो.

बुधवार, २४ ऑक्टोबर, पहाटे सव्वाचार
थंडी वाजते, अंग थरथरतं. पांघरूण आणि पॅरासिटामॉल.

बुधवार, सकाळी साडेसहा
ताप ३९.६ अंश सेल्सिअस, नाडी १६०, रक्तदाब घसरलेला, स्रावाला दुर्गंधी. गर्भाच्या आवरणांना संसर्ग झाल्याचा संशय, शिरेतून प्रतिजैविक.

बुधवार, सकाळी साडेआठच्या सुमारास
तज्ज्ञांची फेरी. दुर्गंधीची नोंद कागदावर आहे, पण फेरीत ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. सुधारणा झाली नाही तर गर्भपाताचा विचार करावा लागेल, असं ठरतं.

बुधवार, दुपारी एक
जंतुदोष रक्तात भिनला आहे, सेप्टिक शॉक. आता मात्र ठोके असोत वा नसोत, गर्भाशय रिकामं करायचं ठरतं. कायद्याला हवा असलेला धोका सिद्ध झाला आहे. गर्भजल फुटल्याला साडेसाठ तास झालेत.

बुधवार, दुपारी सव्वातीन
शस्त्रक्रियागृहात शिरेत नळी घालत असतानाच गर्भपात आपोआप होतो. ज्या निर्णयासाठी एवढा वेळ गेला, त्याची गरजच उरत नाही.

गुरुवार, २५ ऑक्टोबर, पहाटे तीन
अतिदक्षता विभाग. रक्तात ई-कोलाय सापडतो, तोही अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा. एकेक अवयव निकामी होत जातो.

रविवार, २८ ऑक्टोबर, पहाटे एक वाजून नऊ मिनिटं
मृत्यू.

त्यानंतर
१४ नोव्हेंबरला ‘आयरिश टाइम्स’ने बातमी छापली आणि लोक रस्त्यावर उतरले. एप्रिल २०१३ मध्ये चौकशीतल्या ज्यूरीने एकमताने ‘वैद्यकीय दुर्घटना’ असा निष्कर्ष दिला. आरोग्यसेवेच्या दर्जावर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने हुकलेल्या तेरा संधी मोजल्या. त्यामुळे काही जण म्हणू लागले, की दोष रुग्णालयाचा होता, कायद्याचा नव्हे.

पण हे दोन दोष वेगळे काढता येत नाहीत. बाई पुरेशी आजारी पडेपर्यंत थांबा, असं कायदा सांगतो तेव्हा सगळी भिस्त नोंदींवर येते. एक अहवाल राहिला, एका परिचारिकेचं निरीक्षण फेरीत सांगायचं राहिलं, की थांबण्याची किंमत वाढते. चौकशीत स्त्रीरोगतज्ज्ञ पीटर बॉयलन यांनी हेच उलगडून सांगितलं : सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता, तर ती बहुधा वाचली असती, पण त्या दिवशी तो करणं बेकायदा ठरलं असतं, कायदेशीर झाला तोवर उशीर झाला होता.

२०१३ च्या नव्या कायद्याने ‘जिवाला धोका’ हीच अट लिहून ठेवली. २५ मे २०१८ रोजी ६६.४ टक्के मतदारांनी आठवी दुरुस्तीच रद्द केली. १ जानेवारी २०१९ पासून आयर्लंडमध्ये आईच्या आरोग्याला गंभीर अपायाचा धोका हेही गर्भपाताचं कायदेशीर कारण आहे. सविताने मंगळवारी सकाळी विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला डॉक्टरांना तेवढं पुरलं असतं.