टाकीत किती आहे?

विहिरीत पाणी किती, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी फुटांत कधी सांगितले नाही. ते परसात सांगत. परस म्हणजे एका माणसाची उंची. चार परस विहीर, त्यात दीड परस पाणी, एवढे म्हटले की ऐकणाऱ्यास सर्व समजे. मोजायचे झाले तर दोराला धोंडा बांधून आत सोडावा आणि ओला भाग हाताने मापावा. येरमाळ्याच्या या कोरड्या मुलखात ही विद्या पोराटोरांनाही येत असे. विहिरीचा अंदाज चुकला तर फार तर एक मोट कमी निघे. कारखान्यातील टाकीचे तसे नाही. तेथे पातळी चुकली की कुणाचे तरी अंग भाजते. म्हणून त्या टाकीत किती आहे हे माणसाने कसकसे ओळखले, याचा थोडा इतिहास आज आम्ही मांडणार आहोत. आम्ही इंजिनिअर नव्हे. जे शिकलो ते बॉयलरपाशी उभ्या असणाऱ्यांच्या तोंडून आणि चौकशीची कागदपत्रे वाचता वाचता.

आपल्या भागात पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवून पोट भरणारा पहिला कामगार बहुधा रेल्वेचाच असावा. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली बार्शीस आली आणि तडवळ्यावरून १९११ साली लातूरला पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. पहिली इंजिने लीड्सच्या किट्सन कंपनीची होती. त्या इंजिनात ड्रायव्हरच्या तोंडासमोर बोटभर जाडीची एक काचेची उभी नळी असे. तिचे वरचे टोक वाफेत आणि खालचे टोक पाण्यात. बॉयलरात पाणी जेवढे, तेवढेच नळीत दिसायचे. चढावर इंजिन वाकडे झाले की पाणीही वाकडे होई, तेव्हा घाट कोणता आणि काच काय सांगते याचा मेळ मनातल्या मनात घालावा लागे. पाणी फार उतरले तर भट्टीच्या छतातील शिशाचे बूच वितळून वाफ विस्तवावर पडावी, अशी शेवटची तजवीज होती. ती उपयोगात आली तर ड्रायव्हरची नोकरी गेलीच म्हणून समजावे.

काच दिसावयास साधी, पण तिचे नखरे पुष्कळ. खालचा कॉक गाळाने चोंदला तर नळीतले पाणी उतरत नाही. उलट वरून येणारी वाफ थिजून पाणी वाढल्यासारखे दिसते. बॉयलर कोरडा होत असताना काच भरलेली! म्हणूनच दर पाळीला एकेक कॉक उघडून झाकून काच ‘बोलती’ करून पाहण्याचा रिवाज पडला. कलकत्त्यास १८६३ साली बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे मेली, तेव्हा कोठे १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. सबंध देशासाठी कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. त्याखालच्या १९५० च्या नियमांनी एका बॉयलरला पाणी दाखविणारी दोन साधने सक्तीची केली, कारण एक खोटे बोलले तर दुसऱ्याने ते उघडे पाडावे. त्या जुन्या कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे.

मधल्या काळात काचेतही सुधारणा झाली. ऑस्ट्रियातील रिचर्ड क्लिंगर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आतून खाचा पाडलेली जाड सपाट काच पोलादी चौकटीत बसविली. तीत पाण्याचा भाग काळा आणि वाफेचा भाग चांदीसारखा दिसतो. ती काच पुष्कळ टिकते. पण शेवटी काचच.

बॉयलर सोडून इतर टाक्यांकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. साखर कारखान्यात मळीच्या टाक्या असतात, डिस्टिलरीत अल्कोहोलच्या. तेथे वर चढून, झाकण उघडून, खुणा केलेली पट्टी आत सोडण्याची चाल. पावसात शिडी निसरडी, वरून वाफारा नाकात. विरवलेल्या चुन्याच्या दुधाची एक टाकी असते. चैत्री यात्रेत येडाईच्या नावाने चुनखडीचे खडे वेचणाऱ्यांना चुन्याचा गुण सांगावयास नको. ते दूध काचेला असे लिंपून बसते की आतले काही दिसेनासे होते. आणि एक टाकी कॉस्टिक सोड्याची. रस आटविण्याच्या भांड्यांतील कीट काढण्यासाठी तो लागतो.

या कॉस्टिकच्याच टाकीने आमची चुंबकाशी ओळख करून दिली. सन १९९७-९८ च्या हंगामातील गोष्ट. कारखान्याचे नाव घेत नाही. रात्रपाळीत टाकी भरताना वरून वाहिली आणि खाली झाडलोट करणाऱ्या दोन कंत्राटी माणसांचे पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले. पंपावरच्या कामगारावर निष्काळजीपणाचा ठपका आला: काच डोळ्यांसमोर असताना त्याने पाहिली नाही. आम्ही त्या वेळी युनियनच्या कामात नवखे होतो. चौकशीत कायद्याची कलमे सांगण्याइतकी आमची तयारी नव्हती. म्हणून ती काचेची नळीच सोडवून, धुऊन चौकशीच्या टेबलावर ठेवली. तीत अर्धे पाणी भरले आणि दोन्ही तोंडे बंद करून अधिकाऱ्यांना विनंती केली की पातळी कोठे आहे ते सांगावे. त्यांनी चष्मा लावला, रुमालाने नळी पुसली, खिडकीशी नेऊन धरली. सांगता आले नाही. कॉस्टिक काच खातो, काच आतून पांढरी पडते. बाहेरून पुसून काय होणार? हे दिवसा उजेडी. रात्री चाळीसच्या दिव्याखाली त्या गड्याने काय पाहावे? आरोप मागे घेण्यात आला. भाजलेल्या दोघांना मात्र, ते कंत्राटदाराचे म्हणून, औषधपाण्याच्या पैशांसाठी आणखी आठ महिने झुलवले गेले. ती बाजू आम्हांला वेळेवर लढविता आली नाही.

पुढल्या करारात आम्ही मागणी घातली की काचेऐवजी चुंबकीय पातळीदर्शक बसवावा. पुण्यात भोसरीकडे तो तयार होतो. टाकीच्या अंगाला वर आणि खाली जोडलेली स्टेनलेस स्टीलची उभी नळी. तीत एक पोकळ फ्लोट, आणि फ्लोटच्या पोटात चुंबक. नळीच्या बाहेरच्या अंगास लहान लहान फिरक्यांची रांग असते. प्रत्येक फिरकी एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरी, आणि तिच्यातही बारीकसा चुंबक. फ्लोट वर सरकला की समोरची फिरकी अर्धा वळसा घेऊन लाल होते. खाली आला की पुन्हा पांढरी. द्रव आत, खूण बाहेर, आणि दोहोंमध्ये पोलाद. साध्या लोखंडाची नळी येथे चालत नाही, कारण चुंबकाची ओढ ती स्वतःच गिळते. विजेची गरज नाही. लोडशेडिंगमध्येही खूण जागची हलत नाही. वीस-पंचवीस पावलांवरून दिसते, शिडी चढावी लागत नाही.

म्हणून काय, यंत्रावर डोळे मिटून भरवसा टाकावा? फ्लोट त्या त्या द्रवाच्या वजनाप्रमाणे घडवलेला असतो. निम्म्या ताकदीचा कॉस्टिक पाण्याच्या सुमारे दीडपट जड. त्याच्यासाठी केलेला फ्लोट पाण्यात सोडला तर बुडेल, आणि भरलेली टाकी रिकामी दाखवील. गंजाचे कण चुंबकाला चिकटतात आणि फ्लोट अडकतो. चुन्याच्या दुधाला तर हे साधन नकोच.

अमेरिकेत टेक्सास सिटी येथे, बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, २३ मार्च २००५ रोजी काय घडले ते पाहावे. तेथील १७० फूट उंचीच्या मनोऱ्यात द्रव १५८ फुटांपर्यंत चढले होते. पातळी दाखविणारे यंत्र तळच्या नऊ-दहा फुटांपुरतेच होते. ते वेगळ्याच वजनाच्या द्रवासाठी जुळवलेले असल्याने पातळी उतरत आहे असे दाखवीत राहिले. जोडीला काच होती, ती मळून अपारदर्शक झालेली. द्रव वरून बाहेर पडले, भडका उडाला, १५ माणसे मेली, १८० जखमी झाली. मेलेले सर्व १५ जण कंत्राटी कामगार होते. सरकारी चौकशी मंडळाने २००७ साली अहवाल दिला. त्यात असेही नोंदले आहे की यंत्रापुढे बसलेले लोक सलग २९ किंवा अधिक दिवस रोज बारा तासांची पाळी करीत होते. अहवालातील नेमके हे पान आम्ही मराठीत उतरवून नोटीस बोर्डावर लावले होते. दुसऱ्या दिवशी ते कुणीतरी काढून टाकले.

आमच्या त्या कारखान्यात पातळीदर्शक बसला तो मागणीनंतर दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर. करारात एक ओळ आम्ही हट्टाने घालून घेतली: दर बंद हंगामात नळी रिकामी करून फ्लोट बाहेर काढावा, साफ करावा, आणि त्या वेळी पंपावरचा एक कामगार हजर असावा. पहिल्याच वर्षी फ्लोटला गंजाची मिशी चिकटलेली निघाली. जुनी काचेची नळी युनियनच्या कपाटात असते. आज ती सोबत आणली आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पुढे येऊन पाहावी. काच पातळ झाली आहे, तेवढी जपून हाताळावी.