स्फटिकासाठीं जुंपलेली जोडी

खडीसाखरेच्या खड्यास पैलू पडतात, ते साखरेचे अगणित रेणू एका शिस्तीनें रांगेंत बसतात म्हणून. प्रथिनांचेंही तसेंच आहे. १९३४ सालीं इंग्लंडांत बर्नाल आणि डॉरथी क्रोफुट यांनीं पेप्सिन या प्रथिनाचा ओला स्फटिक क्ष-किरणांपुढें धरला, तेव्हां ठिपक्यांची सुरेख नक्षी उमटली. १९५८ सालीं केंड्रू यांनीं अशाच नक्षीवरून मायोग्लोबिनची घडण उलगडून दाखविली. स्फटिक हातीं आला कीं प्रथिनाचें रूप कळूं शकतें, हें तेव्हां ठरलें.

परंतु कांहीं प्रथिनें रांगेंत बसण्यास मुळींच राजी नसतात. ॲड्रेनॅलिन ज्यावर येऊन आपलें काम करतें, तें 'बीटा-दोन' ग्राही प्रथिन घ्या. दमेकऱ्याचा श्वास मोकळा करणारीं कित्येक औषधें यासच जाऊन चिकटतात. तेव्हां त्याचें रूप कळणें ही केवळ पंडितांची हौस नव्हती. लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेंत तरुण कोबिल्का व त्यांचे सहकारी यांना त्याचें जनुक १९८६ सालीं गंवसलें. स्फटिकास मात्र २००७ साल उजाडलें! या प्रथिनाची सांखळी पेशीच्या स्निग्ध पटलांतून सात वेळां आरपार जाते. पटलाबाहेर डोकावणारा भाग थोडा, आणि पांचव्या व सहाव्या फेरीमधला आंतला दुवा तर सैल, सदैव वळवळणारा. शेजाऱ्यानें हात धरावा कोठें?

नवख्या गोऱ्ह्यास आपल्याकडे जाणत्या बैलाच्या जोडीस जुंपतात. कोबिल्का व स्टीव्हन्स यांच्या मंडळींनीं तेंच केलें. जनुकांतच फेरफार करून तो सैल दुवा काढला आणि त्या जागीं 'टी-४' या जीवाणुभक्षक विषाणूचें लायसोझाईम गोंवलें. हें प्रथिन घट्ट बांध्याचें व स्फटिक होण्यांत तरबेज. त्याच्या आधारानें २.४ आंगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील दिसला. आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

कल्पना अगदीं नवी नव्हती. १९९४ सालींच प्रिव्हे, कॅबॅक प्रभृतींनीं लॅक्टोज वाहून नेणाऱ्या प्रथिनांत सायटोक्रोम बसवून हा मार्ग सुचविला होता. त्या प्रथिनाची घडण पुढें २००३ सालीं निराळ्याच वाटेनें मिळाली. तरी पहिली वाट पाडणारांचें स्मरण मला अगत्याचें वाटतें.

आतां शंका अशी, कीं दुसऱ्याशीं जखडलेलें प्रथिन मूळचें राहतें काय? तपासून पाहतां जोडप्रथिन औषधांस जवळजवळ पूर्वीसारखेंच धरीत होतें. त्याच वर्षीं लायसोझाईमऐवजीं प्रतिपिंडाच्या तुकड्याचा टेंकू देऊनही स्फटिक मिळाला. त्यांत जेवढा सांगाडा दिसला तेवढा याच्याशीं जुळला. एक उणीव मात्र खरी होती. पेशीच्या आंत निरोप पोंचविणारें जी-प्रथिन जेथें बिलगावयाचें, तेथेंच लायसोझाईम ठाण मांडून बसलें होतें. म्हणून २०११ सालीं तें सांखळीच्या बाहेरील टोंकास नेऊन जोडलें, आंतली बाजू मोकळी ठेवली, आणि जी-प्रथिनास बिलगलेल्या ग्राहीचा स्फटिक हातीं आला. पुढल्याच वर्षीं कोबिल्का व लेफ्कोविट्झ यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.